पावसाळ्यात झाडे करपतात तेव्हा: आम्लवर्षेला दोष देण्यापूर्वी करावयाच्या तपासण्या

जुलैच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत ठाणे आणि नवी मुंबईतील कोलशेत, घोडबंदर रोड, ऐरोली, घणसोली आणि कोपरखैरणे या भागांतील गृहसंकुलांतून माझ्याकडे झाडांविषयी जी विचारणा येते, तिचे स्वरूप दरवर्षी जवळजवळ सारखेच असते. बाल्कनीतील किंवा गच्चीवरील झाडे जूनमध्ये टवटवीत होती, पाऊस लागला आणि महिन्या-दीड महिन्यात ती उतरू लागली. आसपास कारखाने आहेत, तेव्हा पावसात ॲसिड असणार, असा निष्कर्ष घरच्यांनी आधीच काढलेला असतो. माती आम्ल झाली आहे एवढा भाग पुष्कळदा खरा निघतो, पण ती पावसातील आम्लाने झाली हा भाग क्वचितच खरा ठरतो. या दोहोंत फरक करणे महत्त्वाचे आहे, कारण उपाय त्यावर ठरतो. पुढील तपासण्या मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने दिल्या आहेत: आधी बिनखर्चाच्या, मग थोड्या पैशांच्या, आणि शेवटी वेळ घेणाऱ्या.

लक्षणे

पानाच्या वरच्या बाजूस टाचणीच्या डोक्याएवढे पांढरट किंवा तपकिरी ठिपके दिसतात आणि ते मोठ्या सरीनंतर एक-दोन दिवसांत उमटलेले असतात. पानांची चकाकी जाते, कडा करपतात. खालची जुनी पाने शिरा हिरव्या राहून मधल्या भागात पिवळी पडतात; काही घरी याच्या उलट शेंड्याची नवी पाने पिवळी निघतात. कोवळा शेंडा आखडतो, वाकडा होतो, कधी काळा पडून वाळतो. मोगऱ्याच्या आणि जास्वंदीच्या कळ्या न उमलता गळतात. खत घालूनही वाढ पुढे सरकत नाही, आणि झाड कुंडीतून काढून पाहिले तर मुळे आखूड, जाडसर व बोथट टोकांची असतात; पांढऱ्या, बारीक तंतुमुळांचा मागमूस नसतो. मातीवर हिरवे शेवाळ धरलेले असते.

ही सर्व लक्षणे एकाच खात्यात टाकून चालत नाही. ठिपके आणि करपलेल्या कडा यांवरून पानावर बाहेरून काय पडले याचा शोध घ्यावा लागतो, तर पिवळी जुनी पाने, आखूड मुळे आणि थांबलेली वाढ यांवरून मुळांना मातीत काय मिळेनासे झाले याचा. आम्लता दोन्ही ठिकाणी कारण असू शकते, पण तिचा मार्ग आणि वेग दोन्ही ठिकाणी अगदी वेगळा असतो.

पाऊस झाडाला नेमके काय करतो

अगदी स्वच्छ हवेतील पाऊसही उदासीन नसतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते, त्यामुळे अशा पावसाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; ७ म्हणजे उदासीन, आकडा जितका कमी तितकी आम्लता अधिक) साधारण ५.६ असतो. कोळसा, फर्नेस ऑइल, डिझेल यांच्या ज्वलनातून निघणारे सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हवेत सल्फ्युरिक व नायट्रिक आम्लांत बदलून पावसात उतरले की सामू त्याहून खाली जातो. १८७२ मध्ये रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील कारखानदारी शहरांच्या पावसाविषयी लिहिताना या प्रकाराला आम्लवर्षा हे नाव दिले. सामूची मोजपट्टी दसपटीची असल्यामुळे ४.६ सामूचा पाऊस ५.६ सामूच्या पावसाहून दहा पट आम्ल असतो. तरीही तेवढ्याने पान भाजत नाही. कृत्रिम आम्लवर्षा फवारून केलेल्या प्रयोगांत बहुतेक पिकांच्या पानांवर डोळ्यांना दिसणाऱ्या जखमा सामू ३.५ च्या आसपास किंवा त्याखाली गेल्यावरच ठळक होतात. त्यामुळे केवळ ठिपके पाहून पावसाला जबाबदार धरणे बहुधा चुकीचे ठरते.

आम्लवर्षेची खरी हानी मातीतून आणि सावकाश होते. आम्लातील हायड्रोजन आयन मातीच्या कणांना धरून असलेल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांना हुसकावून त्यांची जागा घेतात आणि हुसकावलेली अन्नद्रव्ये पाण्याबरोबर खाली वाहून जातात. सामू ५ ते ५.५ च्या खाली घसरला की मातीतील ॲल्युमिनियम विरघळू लागते आणि ते मुळांच्या वाढत्या टोकांना मारते; आखूड, बोथट मुळे दिसतात ती त्यामुळे. स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकून बसतो, नत्राचे (नायट्रोजनचे) रूपांतर करणारे जिवाणू मंदावतात आणि शेंगवर्गीय झाडांच्या मुळांवर गाठी नीट धरत नाहीत. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रूक येथील जंगलात शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एका संपूर्ण पाणलोट क्षेत्रावर कॅल्शियम सिलिकेटचा चुरा टाकला; दशकांच्या आम्लवर्षेने गमावलेले कॅल्शियम परत मिळाल्यावर तेथील शुगर मेपलच्या झाडांची प्रकृती सुधारली. झाडांना मुख्यतः कशाची उणीव भासत होती, हे त्यावरून स्पष्ट झाले.

आपल्याकडील परिस्थिती दोन बाबतींत त्या जंगलाहून निराळी आहे. भारतातील हवेत मातीच्या धुळीतून येणारे कॅल्शियम भरपूर असते आणि ते पावसातील आम्ल बऱ्याच अंशी मारते. पावसाची झड काही दिवस टिकून हवा धुऊन निघाली की हा बचाव कमी होतो. दुसरे असे की येऊर किंवा पारसिकच्या डोंगरांची माती ज्या बेसाल्ट खडकापासून बनली आहे, त्यातून झीज होताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मोकळे होत राहते, त्यामुळे जमिनीत रुजलेल्या झाडाला बऱ्यापैकी संरक्षण असते. कुंडीतील झाडाला ते नसते. नर्सरीतून गोणीने मिळणारी कोकणची लाल, जांभ्याची माती मुळातच निचरून निघालेली, बरेचदा आम्ल असते, आणि तिच्यात मिसळलेले कोकोपीटही सौम्य आम्लच असते. कुंडीतील झाड लवकर आजारी पडते आणि शेजारचा सोसायटीचा बदाम किंवा पिंपळ मजेत असतो, याचे एक कारण हेच आहे.

यात पावसाच्या आम्लापेक्षा पावसाच्या पाण्याचाच वाटा मोठा असतो, हे एका साध्या हिशोबाने दिसते. बारा इंच व्यासाच्या कुंडीचे तोंड सुमारे ०.०७ चौरस मीटर असते. ठाण्यात मोसमात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे उघड्यावर ठेवलेल्या अशा एका कुंडीवर सुमारे १७५ लिटर पाणी पडते, आणि कुंडीतील माती असते जेमतेम १५ लिटर. हे सगळे पाणी ४.६ सामूचे होते असे धरले तरी त्यातील आम्ल मारण्यास केवळ पाव ग्रॅमच्या आसपास चुनखडी पुरते. याउलट अमोनियम सल्फेट या खताच्या १०० ग्रॅममुळे मातीत निर्माण होणारी आम्लता मारण्यास सुमारे ११० ग्रॅम चुनखडी लागते, असे खतांच्या कोष्टकांत दिलेले असते. म्हणजे चहाचा एक चमचा, पाच ग्रॅम, अमोनियम सल्फेट घातले की मोसमभराच्या आम्लवर्षेच्या वीसपटीहून अधिक आम्लता त्या कुंडीत आपण स्वतः ओतलेली असते. युरियाचा परिणाम थोडा कमी, पण त्याच दिशेचा असतो. कुंडीतील आम्लतेच्या तक्रारीत म्हणूनच मी ढगांकडे पाहण्यापूर्वी खताच्या डब्याकडे पाहतो.

पहिली तपासणी: पान हातात घेऊन पाहणे

यास काहीही खर्च नाही आणि निम्म्याहून अधिक तक्रारी येथेच मिटतात. ओल्या बोटाने ठिपका चोळावा. तो निघून आला तर ती जखम नसून डाग आहे. लोखंडी ग्रीलवरून गंजाचे पाणी गळून पडलेले तपकिरी थेंब पानावर वाळले की ते हुबेहूब जळल्याच्या खुणांसारखे दिसतात. ठिपका निघाला नाही तर पान उलटावे. खालच्या बाजूस बारीक जाळी आणि हलणारे लालसर कण असतील तर लाल कोळी आहे. ठिपक्याभोवती पिवळे वलय असेल, ठिपक्यात एकात एक कडी दिसत असतील आणि तो एकाच जातीच्या झाडावर पानागणिक पसरत असेल, तर ते बुरशीचे काम आहे; पावसाळ्यातील दमट हवेत हे सर्वाधिक आढळते. रोगट पाने काढून टाकणे आणि झाडांमध्ये हवा खेळती ठेवणे, एवढ्याने ते बहुधा आटोक्यात येते.

त्यानंतर पिवळेपणा कोणत्या पानांवर आहे ते पाहावे. या एका निरीक्षणावर पुढची दिशा ठरते, म्हणून येथे घाई करू नये. मॅग्नेशियम झाडाच्या आत फिरू शकते. ते कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देते, त्यामुळे खालची पाने शिरांच्या मध्ये पिवळी पडतात. मातीतून अन्नद्रव्ये धुऊन गेल्याची, म्हणजे आम्लतेच्या बाजूची, ही खूण आहे. लोह मात्र झाडात सहज फिरत नाही, त्यामुळे ते कमी पडले की शेंड्याची नवी पाने पिवळी निघतात आणि शिरा हिरव्या राहतात. लोहाची कमतरता बहुधा माती अल्कधर्मी झाल्यावर किंवा मुळे पाण्यात गुदमरल्यावर दिसते. शेंडा पिवळा पाहून चुना घालणारे पुष्कळ जण भेटतात, आणि त्या चुन्याने झाड आणखी खंगते, कारण त्याला नको ती गोष्ट आपण वाढवलेली असते.

दुसरी तपासणी: छज्जाखालचे झाड आणि उघड्यावरचे झाड

आपल्या इमारतींमध्ये खिडकीच्या ग्रीलमधील काही कुंड्या छज्जाखाली असतात आणि काही थेट पावसात. ही तुलना आयती मिळते. एकाच जातीची दोन झाडे, शक्यतो एकाच वेळी आणलेली, शेजारी ठेवून पाहावीत. पावसात काही दाहक असेल तर उघड्यावरील अनेक जातींच्या झाडांवर, वरच्या बाजूच्या पानांवर, एकाच दिवशी खुणा उमटतील आणि छज्जाखालची झाडे सुरक्षित राहतील. खुणा एकाच झाडावर असतील, किंवा छज्जाखालच्या झाडावरही असतील, तर पावसाला सोडून द्यावे.

तिसरी तपासणी: वर काय आहे

मान वर करून कुंडीच्या बरोबर वरची जागा पाहावी. कोलशेत भागातील एका घरी मोगऱ्याची ग्रीलच्या बाहेरच्या कडेला असलेली सगळी पाने पांढरी पडली होती, आतल्या बाजूची हिरवीगार होती, आणि काकू ठामपणे सांगत होत्या, "अहो, कालच्या पावसात ॲसिड होते, बाहेरचीच पाने जळली बघा." पाऊस आणि पांढरी पाने यांचा दिवस एक होता हे खरे, पण त्याच दिवशी सकाळी वरच्या मजल्यावर बाल्कनीच्या फरशा ॲसिडने घासल्या होत्या आणि ते पाणी खाली सोडले होते. फरशी धुण्याचे ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. कोणत्याही पावसाहून ते हजारो पट तीव्र असते. ब्लीचिंग पावडरचे आणि साबणाचे पाणीही पानांवर असेच डाग पाडते. अशा वेळी झाड ताबडतोब नळाच्या पाण्याने भरपूर धुवावे, कुंडीतून पाणी वाहू द्यावे, आणि वरच्या मजल्यावर जाऊन शांतपणे बोलावे.

याच वेळी आणखी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. एसीच्या बाहेरच्या यंत्राचा गरम झोत झाडावर येत असेल तर कडा करपतात. एसीवर किंवा ग्रीलवर कबुतरे बसत असतील तर त्यांच्या ताज्या विष्ठेतील क्षारांनी आणि युरिक आम्लाने पाने भाजतात आणि कुंडीतील क्षारही वाढतात.

चौथी तपासणी: निचरा

कुंडीखालची ताटली पावसाळ्यात काढून टाकावी आणि तळाच्या भोकातून काडी घालून ती मोकळी आहेत याची खात्री करावी. पाणी साचलेल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, मूळकूज होते आणि पिवळी पाने, गळणाऱ्या कळ्या, थांबलेली वाढ ही सगळी लक्षणे आम्लतेशिवायच दिसतात. कुजलेले मूळ दोन बोटांत धरून ओढले की साल सुटून येते आणि आतला धागा उरतो, शिवाय त्यास वास येतो. आम्लतेने खुंटलेले मूळ आखूड पण टणक असते. शेवाळ हे ओलाव्याचे आणि सावलीचे लक्षण आहे. त्यावरून माती आम्ल झाल्याचा निष्कर्ष काढू नये.

पाचवी तपासणी: आपण काय काय घातले

गेल्या सहा महिन्यांत घातलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद आठवून करावी: युरिया, डीएपी, अमोनियम सल्फेट, भुरीसाठी (पानांवरील पांढऱ्या बुरशीसाठी) गंधक, लोहासाठी लिंबू किंवा व्हिनेगर, आंबट ताक, चहाचा चोथा. गंधकाचे मातीतील जिवाणू सल्फ्युरिक आम्ल बनवतात, त्यामुळे वारंवार घातलेली गंधकाची भुकटी मातीचा सामू निश्चितपणे खाली ओढते. कुंडीच्या काठावर पांढरी पापुद्र्यासारखी कड दिसत असेल तर क्षार साचले आहेत. आरओ यंत्रातून टाकून दिलेले पाणी झाडांना घालणाऱ्या घरी हे हमखास आढळते, आणि करपलेल्या कडांचे कारण तेच असते.

येथे करावयाचा उपाय म्हणजे चार ते सहा आठवडे सर्व रासायनिक खते, फवारण्या आणि घरगुती प्रयोग पूर्ण थांबवणे. काहीही न करता थांबणे लोकांना सर्वांत जड जाते. रोज काहीतरी घालण्याचा मोह होतो. पण ही पायरी गाळली तर पुढच्या कोणत्याही मोजमापाचा अर्थ लागत नाही, म्हणून मी तिच्याबाबत आग्रही असतो.

सहावी तपासणी: पावसाचा सामू

आता थोडा खर्च. शाळा-महाविद्यालयांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवणाऱ्या दुकानांत सामू मोजण्याच्या कागदी पट्ट्या मिळतात. ४ ते ७ या पट्ट्यात बारीक फरक दाखवणाऱ्या घ्याव्यात. मत्स्यालयाच्या दुकानातील थेंबांचा संच या कामी उपयोगी नाही. त्यातील ब्रोमोथायमॉल ब्लू हा रंग ६ च्या खाली सर्वत्र पिवळाच दिसतो, आणि स्वच्छ पाऊसही ५.६ चा असल्यामुळे तो संच प्रत्येक पावसाला आम्ल ठरवतो. हळदीचा कागद तर फक्त अल्क दाखवतो. लाल जास्वंदीच्या पाकळ्यांचा काढा आम्लात गडद गुलाबी आणि अल्कात हिरवा होतो, त्यावरून मुलांना कल्पना देता येते, निदान करता येत नाही.

नमुना घेताना काचेचे किंवा प्लास्टिकचे भांडे डिस्टिल्ड वॉटरने धुऊन मोकळ्या आकाशाखाली स्टुलावर ठेवावे. पत्र्यावरून, पन्हाळीतून किंवा सिमेंटच्या गच्चीवरून आलेले पाणी घेऊ नये, कारण सिमेंटमधील चुना आम्ल मारतो आणि सामू खोटा वर चढतो. पावसाच्या पहिल्या पंधरा मिनिटांचा एक नमुना आणि झड तासभर चालल्यानंतरचा दुसरा घ्यावा. पहिल्यात हवेतील धूळ आणि बांधकामांचे सिमेंट उतरलेले असते, दुसऱ्यात ते नसते, त्यामुळे दोन्हींचे उत्तर वेगळे येऊ शकते. पावसाच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्यामुळे पट्टीचा रंग सावकाश स्थिरावतो, आणि वाचनात अर्ध्या एककाचा फरक गृहीत धरावा लागतो.

४.५ ते ५.६ च्या दरम्यानचे वाचन आले तर पाऊस काही प्रमाणात आम्ल असू शकतो, परंतु पाने त्याने जळलेली नाहीत. वेगवेगळ्या दिवसांच्या सरींत वाचन सतत ४ च्या खाली येत असेल तर घरगुती पट्टीवर विसंबून न राहता नमुना प्रयोगशाळेत द्यावा.

वाऱ्याची दिशाही टिपून ठेवावी. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून, समुद्रावरून येतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा औद्योगिक पट्टा कोपरखैरणे-घणसोलीच्या वस्तीच्या पूर्वेला आहे. म्हणजे भर पावसात त्या पट्ट्यातील धूर बव्हंशी वस्तीपासून दूर, पारसिक डोंगराकडे जातो. हिवाळ्यात रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तेव्हा चित्र उलटे असते. त्या दिवसांत पानांवर बसलेले कण आणि वायू पहाटेच्या दवात विरघळतात, आणि असे दव पावसाहून अधिक आम्ल असू शकते. नोव्हेंबर ते मार्च या काळात आठवड्यातून एकदा सकाळी लवकर साध्या पाण्याने पाने दोन्ही बाजूंनी धुणे हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

सातवी तपासणी: मातीचा सामू

माझ्या दृष्टीने या सर्वांतील निर्णायक मोजमाप हेच आहे. वरचा एक इंच थर बाजूला सारून मुळांजवळची माती घ्यावी, सावलीत सुकवावी, चाळावी. २० ग्रॅम मातीत ५० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घालून अर्धा तास अधूनमधून ढवळावे, निवळू द्यावे आणि वरच्या पाण्यात पट्टी बुडवावी. बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड वॉटर गॅरेजमध्ये मिळते. त्याच फळीवर बॅटरीचे ॲसिडही ठेवलेले असते, तेव्हा लेबल वाचून घ्यावे. मातीत खोचायचे दोन काट्यांचे स्वस्त मीटर मी वापरत नाही. एकाच कुंडीत दोन ठिकाणी ते दोन उत्तरे देतात.

६ ते ७ सामू असेल तर आम्लतेचा विषय येथे संपतो आणि निचरा, क्षार, कीड यांकडे परतावे. ५.५ ते ६ असेल तर खतांचा प्रकार बदलावा, शेणखत किंवा चांगले कुजलेले कंपोस्ट द्यावे आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजावे. ५.५ च्या खाली असेल तर दुरुस्ती करावी. ७.५ च्या वर असेल तर कोणत्याही परिस्थितीत चुना घालू नये. अनंत, इक्झोरा आणि अझेलिया यांना आम्ल माती मानवते, म्हणून त्यांच्या कुंडीत ५.५ चे वाचन आले तर ते दोष मानू नये.

शंका उरली तर मेथी पेरून पाहावी. संशयित माती दोन लहान कुंड्यांत एक-एक लिटर घ्यावी, एकीत पाव चमचा डोलोमाइटची (मॅग्नेशियमयुक्त चुनखडीची) पूड मिसळावी, दोन्ही दहा दिवस ओलसर ठेवून मग मेथी पेरावी आणि दोन्ही छज्जाखाली ठेवाव्यात. दोन आठवड्यांनी रोपे उपटून मुळे शेजारी मांडावीत. डोलोमाइट घातलेल्या कुंडीतील मुळे स्पष्टपणे लांब असतील तर आम्लता सिद्ध झाली. दोन्हींकडे सारखीच खुंटलेली असतील तर मातीत दुसरेच काही बिघडलेले आहे. जमीन काय म्हणते ते झाडाच्या मुळाकडूनच कळते, त्यामुळे पट्टीपेक्षा मी या चाचणीवर अधिक भरवसा ठेवतो.

दुरुस्ती

डोलोमाइटमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात, आणि कुंडीतून धुऊन गेलेली हीच दोन द्रव्ये परत द्यायची आहेत. बारा इंची कुंडीस सपाट दोन चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम, वरच्या दोन-तीन इंच मातीत मिसळून पाणी द्यावे आणि सहा आठवड्यांनी पुन्हा सामू मोजावा. गरज वाटल्यास तेवढीच मात्रा परत द्यावी. खायचा चुना किंवा रंगकामाचा चुना घालू नये. तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड असून अतिशय तीव्र असतो आणि कुंडीसारख्या लहान जागेत सामू एकदम वर उडवतो. अंड्याची टरफले वस्त्रगाळ दळली तरच काही महिन्यांत उपयोगी पडतात. लाकडाची राख चमचाभर चालते, कोळशाची नको. डोलोमाइटसारखी चुनखडी आणि युरिया किंवा अमोनियम सल्फेट एकत्र देऊ नये, कारण नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जातो. दोहोंत निदान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

सामू ४.५ च्या खाली असेल तर डोलोमाइटने माती सावरण्याचा खटाटोप करण्यापेक्षा ती बदलणे बरे. पुढच्या पावसाळ्यापूर्वी नाजूक झाडे छज्जाखाली घ्यावीत किंवा कुंडीचा पृष्ठभाग पालापाचोळ्याने झाकावा, आणि मोसम संपताच ऑक्टोबरमध्ये कंपोस्टचा नवा थर द्यावा.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

एका रात्रीत परिसरातील सर्व जातींची झाडे पांढरी किंवा तपकिरी पडली असतील, हवेला उग्र वास असेल, डोळे चुरचुरत असतील किंवा खोकला येत असेल, तर ते पावसाचे काम नसून वायुगळती असू शकते. अशा वेळी झाडे तपासत बाहेर थांबू नये. दारे-खिडक्या बंद करून घरात राहावे, ११२ वर किंवा अग्निशमन दलास १०१ वर कळवावे, आणि श्वासास त्रास होत असल्यास डॉक्टरांकडे जावे. नंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि पानांची छायाचित्रे यांसह लेखी तक्रार करावी. पाने एक-दोन दिवसांत गळून जातात, म्हणून छायाचित्रे त्याच सकाळी काढावीत.

सोसायटीच्या आवारातील मोठे झाड शेंड्याकडून वाळत असेल तर घरगुती उपाय करत बसू नये. खोड पोखरणारी कीड, मुळांवर ओतलेले काँक्रीट आणि तुटलेली मुळे ही कारणे तेथे आधी तपासावी लागतात आणि ते जाणकाराचे काम आहे. महापालिकेच्या उद्यान विभागास कळवावे. १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. खोडावर दगडफुलासारखी बुरशी-शेवाळाची खपली पूर्वी असे आणि आता नाहीशी झाली आहे, असे जुने रहिवासी सांगत असतील तर तेही त्या पत्रात लिहावे, कारण दगडफूल सल्फर डायऑक्साइडला फार संवेदनशील असते.

खतबंदी, निचरा आणि डोलोमाइट या तिन्ही गोष्टी करूनही तीन महिन्यांत नवी, निरोगी पाने येत नसतील तर माती परीक्षण करून घ्यावे. कृषी विभागाच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्जत येथील प्रादेशिक संशोधन केंद्रात याबाबत चौकशी करता येते. अर्धा किलो सुकवलेली माती स्वच्छ पिशवीत, कुंडीचे वर्णन आणि सहा महिन्यांतील खतांची यादी यांसह न्यावी, आणि सामूबरोबर विद्युत वाहकता (क्षारांचे माप), सेंद्रिय कर्ब, कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचीही मागणी करावी. गच्चीवर भाजीपाला असेल आणि धुराड्याची काजळी पानांवर दिसत असेल, तर जड धातूंची तपासणी स्वतंत्रपणे मागावी लागते. आम्ल मातीत कॅडमियमसारखे धातू मुळांवाटे अधिक सहज शोषले जातात, त्यामुळे तो अहवाल हाती येईपर्यंत त्या गच्चीवरील पालक, माठ आणि मुळा खाऊ नये.